हात लोखंडाचा, हनुवटी कच्ची

अंधेरी पूर्वेच्या आमच्या वस्तीत माझ्या भाच्याच्या उजव्या हाताला मोठा मान आहे. वय एकोणीस, अंगाने किरकोळ. पण ठोसा असा की पहिल्या चारपैकी तीन लढती त्याने पहिल्याच फेरीत संपवल्या. भीमजयंतीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन मीच त्याचा सत्कार जाहीर केला. "हा हात एकट्याचा नाही, आपल्या समाजाचा हात आहे," असे बोललो. टाळ्या पडल्या. कार्यकर्त्याला टाळ्या गोड लागतात.

पाचव्या लढतीत उजवा ठोसा मारण्याच्या नादात त्याचा डावा हात खाली आला. समोरच्या पोराचा साधासा ठोसा हनुवटीच्या टोकावर बसला. भाचा जागच्या जागी दुमडला. पंचांनी लढत थांबवली, डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. आमच्यामागे बसलेला एक जण म्हणाला, "ह्याचा हात लोखंडाचा, पण हनुवटी कच्च्या मडक्याची." लोक हसले. मला राग आला.

पंधराव्या दिवशी भाचा घरी न सांगता दुसऱ्याच ठिकाणी सरावाला उतरला आणि हलक्या ठोशाने पुन्हा पडला. तेव्हा कळले की पहिल्या दिवसापासून त्याचे डोके दुखत होते. वाचायला बसला की अक्षरे हलत होती. आईला त्याने काहीच सांगितले नव्हते. मी विचारले, "का रे लपवलंस?" खाली मान घालून म्हणाला, "मामा, तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होता ना, समाजाचा हात म्हणून."

अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, तुझ्या भाषणापायी माझ्या पोराचं डोकं फुटायचं का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाच्याला शिकवणारे मास्तर रेल्वेतून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. त्यांनी मला समजावले. कच्ची असते ती हनुवटी नव्हे. टोकावर आडवा ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते आणि कवटीतला मेंदू हिंदकळतो. म्हणून शुद्ध हरपते. कुणाचे शरीर हा झटका जास्त सोसते, कुणाचे कमी. दिसलेला ठोसा सोसता येतो, न दिसलेला पाडतो. आणि मार खाऊन हनुवटी घट्ट होत नाही, उलट दर झटक्यागणिक आणखी हळवी होते. ज्याचा ठोसा जबर, त्याला झटपट जिंकायची सवय लागते. चेहऱ्यापुढे हात ठेवायला तो शिकतच नाही, कारण तशी गरजच पडलेली नसते.

मला तेव्हा फ्लॉइड पॅटरसन आठवला. न्यूयॉर्कमधल्या गरीब काळ्या वस्तीत वाढलेला, अकरा भावंडांतला एक. लहानपणी चोऱ्यामाऱ्या केल्या म्हणून त्याला सुधारशाळेत घातले होते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांच्या पॅटरसनने मुष्टियुद्धात सुवर्णपदक घेतले. 30 नोव्हेंबर 1956 रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या सहा दिवस आधी, तो जगाचा हेवीवेट विजेता झाला. हात विजेसारखा, पण हनुवटी हळवी. 1959 च्या जूनमध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडले आणि किताब गेला. एका वर्षाने त्याने त्याच योहान्सनला पाचव्या फेरीत बाद केले. गेलेला हेवीवेट किताब परत मिळवणारा तो पहिलाच. आणि जिंकल्यावर नाचत न बसता बेशुद्ध पडलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ तो गुडघे टेकून बसला. सर्वांत जास्त वेळा पडलेला विजेता म्हणून लोक त्याला हिणवत. त्यावर त्याचे म्हणणे असे, की सर्वांत जास्त वेळा उठलोही मीच.

ही गोष्ट मी भाच्याला सांगणार होतो. पण मास्तरांनी अडवले. "अर्धी गोष्ट सांगू नका साहेब. 1962 आणि 1963 मध्ये सॉनी लिस्टनने त्याला दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत झोपवला. पहिल्या हरण्यानंतर तो शरमेने खोटी दाढी लावून बाहेर पडला. आणि म्हातारपणी त्याची स्मृती गेली. 2006 मध्ये वारला. उठण्याचं कौतुक करा, पण त्याची किंमतही सांगा."

मग त्यांनी दुसरे नाव घेतले : युक्रेनचा व्लादिमिर क्लिच्को. धिप्पाड देह, जबर ठोसा, तरी 2003 आणि 2004 मध्ये तो असा पडला की हा आता संपला, असे जाणकार म्हणू लागले. त्याने हनुवटीचे दुखणे लपवले नाही. इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकाकडे तो नव्याने शिकला : लांब डाव्या हाताने समोरच्याला दूर ठेवायचे, अंगाला भिडू द्यायचे नाही, घाई करायची नाही. त्यानंतर अकरा वर्षे तो हरला नाही. हनुवटी तीच होती. तिच्यापुढचा पहारा बदलला होता.

बंधू-भगिनींनो, यात माझी चूक कुठे होती ते सांगतो. सोसणे हा मोठा गुण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर लादला गेला. मार खा, पण बोलू नका. बाबासाहेबांनी ते उलटे केले. आपले दुखणे त्यांनी साऱ्या जगापुढे मांडले आणि त्यावर इलाजही मागितला. आणि त्यांचाच अनुयायी म्हणवणाऱ्या मी, जयंतीच्या व्यासपीठावरून, एका पोराला दुखणे लपवायला शिकवले. शब्दांनी नाही शिकवले, टाळ्यांनी शिकवले.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि ही चूक सर्वांसमोर कबूल केली. तथागतांनी शेवटचा उपदेश अप्रमादाचा केला, म्हणजे सदा सावध राहण्याचा. रिंगणात त्याचा अर्थ साधा आहे : हनुवटी छातीकडे, हात चेहऱ्यापुढे, आणि दुखले तर सांगायचे.

आयाबायांनी एवढे लक्षात ठेवावे. डोक्याला मार बसलेल्या मुलाला उलटी झाली, डोके वाढत्या प्रमाणात दुखू लागले, त्याला गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. पहिला झटका पुरता बरा होण्याआधी दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकते. विश्रांतीचे दिवस म्हणजे भित्रेपणा नव्हे.

भाच्याची डोकेदुखी आता थांबली आहे. रोज संध्याकाळी तो मास्तरांकडे जातो, पण समोर कुणी नसते. फक्त पावले आणि बचाव. पुन्हा लढायचे की नाही, हे अगोदर डॉक्टर ठरवतील, मग तो आणि त्याची आई. मी त्यात बोलणार नाही. परवा अक्काने विचारले, "पोरगा नाहीच लढला, तर तुझ्या समाजाचं काय?" मी म्हणालो, "अक्का, पोरगा शाबूत राहिला तर समाज आहे."

ती हसली नाही. पण माझ्यापुढे चहा ठेवला.

जयभीम!