अंगात दम आहे का?

१/ चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो, आणि आमच्याकडे यात्रांची कुस्ती मैदाने सुरू होतात. त्याआधी पारावर तालमीतल्या नव्या मल्लाविषयी वाद रंगतो. तो ऐकताना मला खाशाबा जाधव आठवतात.

२/ राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

३/ खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी खर्डेकरांचे कर्ज फेडले.

४/ पारावरचे अंदाज फुकट असतात. खर्डेकरांनी आपला अंदाज गहाणखतावर लिहून दिला होता.