जवारीचा दोरा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसलेले असायचे आणि आम्ही ते मिरवायचो. आई काही बोलली की "काय?", ती पुन्हा बोलली की पुन्हा "काय?". दोन दिवसांनी दडे सुटायचे, विषय संपायचा. पावसाळाभर मुठेच्या पात्रात पत्र्याखाली सराव आणि मग लक्ष्मी रस्ता. अशी अकरा वर्षं मी ताशा वाजवला. कुणी फारच हळवं असेल तर कापसाचे बोळे कोंबायचं. कापसानं आवाज जेमतेमच अडतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काही फरक पडला असता असं वाटत नाही.

सकाळी मात्र तंबोरा. गुरुजी आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे. बघून बघून आम्हीही लावायला लागलो. तोच कान संध्याकाळी ताशापासून हातभर अंतरावर तासन्‌तास उभा करायचो.

चाळिशी उलटली आणि माझा तंबोरा मिटला. खर्ज छेडला की सा भरीव यायचा, त्यातून गंधारही उमलायचा, पण त्या सगळ्यावर जी बारीक चंदेरी झणझण तरंगते ती जवारी कुठेच नाही. घोडीवरचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे, सकाळ सरायची. शेवटी तंबोरा मिरजेला नेला. कारागिरानं तार छेडली, डोळे मिटले, पुन्हा छेडली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, जवारी तर खुलीच आहे."

परतीच्या गाडीत मला बाकीचं आठवत गेलं. वाणी साठ म्हणाला की मला आठ ऐकू यायचं. रात्री दिवा मालवला की रातकिडे सुरू व्हायचे, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तपासणीच्या बंद खोलीत टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बराच वेळ दाबलंच नाही. कागदावरची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली होती. मोठ्या आवाजानं दुखावलेला कान पुष्कळदा असाच दिसतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. कानाच्या शंखात केसासारखी टोकं असलेल्या साधारण पंधरा हजार पेशी असतात, एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दडे सुटले म्हणजे सगळं जागेवर आलं, हा आमचा भाबडा हिशेब. खरा हिशेब वेगळा: ८५ डेसिबलला आठ तास, मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आमची मिरवणूक १५ मिनिटांत चौकसुद्धा ओलांडत नसे.

वादकांसाठी कानाच्या मापानं बनवलेले वेगळे प्लग मिळतात. फोमचे साधे बोळे वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे ताशा गोणपाटाआडून आल्यासारखा वाटतो आणि पोरं ते काढून फेकतात. हे प्लग सगळ्याच पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात, आवाज लहान होतो, बिघडत नाही. काही हजारांना पडतात. ढोलाची पानं, ध्वज, फेटे यांची वर्गणी आम्ही तक्रार न करता भरत आलो, म्हणून किमतीची सबब मला पटत नाही. "कानात घातलं की वादनाचा कैफ जातो" ही सबब पटते, कारण तो कैफ मी भोगलाय. तरीही घालावेत.

यंदा भाची पथकात जातेय. पहिल्या सरावाआधी तिला प्लग करून आणले. नाक मुरडत का होईना, घालते. सकाळी ती माझ्याकडे शिकायला बसते. मी तारा मिळवते, सा-प अजून चोख लागतात. दोरा मात्र तिच्या हातात असतो. ती तो हलकेच सरकवते, थांबते, आणि म्हणते, "मावशी, आली."