३१ मार्चपर्यंतची ताई

मुलाखतीला आलेल्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "मला लहान मुलांची फार आवड आहे." आयटी कंपनीतली एचआरची नोकरी सोडून मी पुण्यातल्या एका बालसंस्थेत आले, तेव्हा ते ऐकून मलाही भरून यायचं. आता मी मान डोलावते आणि विचारते, "एखाद्या मुलानं तुमच्या हाताला कडकडून चावा घेतला, तर काय कराल?" कुणी हसतं, कुणी "प्रेमानं समजावीन" म्हणतं. अंगणवाडीत काम केलेली एक बाई म्हणाली, "आधी हात सोडवून घेईन. मग बाकीची पोरं घाबरलीत का ते बघेन." तिला लगेच घेतलं.

आमचं एक बालगृह आहे आणि जवळच्या वस्त्यांमध्ये अभ्यासवर्ग चालतात. बालगृहातली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशानं येतात. घरात जे सोसलं ते सोबत घेऊनच येतात. अशा ठिकाणी कुणाला आत घ्यायचं, हा माझ्या कामाचा सगळ्यात जड भाग.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करावी लागते. मग तो शिकवणारा असो की गाडी चालवणारा, कायम असो की कंत्राटी. संस्था सुरू झाल्यापासून स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "इतकी वर्षं पोरांना जेवू घातलं, आता पोलीस माझी चौकशी करणार?" मी वाद घातला नाही. संचालकांचा आणि माझा भरलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. संचालकांचा फोटो निरखून त्या म्हणाल्या, "यांची मात्र कराच." आणि सही केली.

अर्थात दाखल्यावर एवढंच कळतं, की पोलिसांच्या नोंदीत काही नाही. खरी माहिती आधीच्या ठिकाणी फोन केल्यावर मिळते. शिफारसपत्र कुणीही गोड लिहून देतं. म्हणून मी फोनवर एवढंच विचारते : "तुमच्याकडे पुन्हा जागा निघाली, तर याला मुलांबरोबर कामाला घ्याल?" एका उमेदवाराबद्दल पलीकडून उत्तर आलं, "हुशार आहे हो तो, इंग्रजी उत्तम." मी प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा इंग्रजीचंच कौतुक. उमेदवार आमच्या एका विश्वस्तांच्या ओळखीतला होता. त्याला घेतला नाही. विश्वस्त बराच काळ माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, त्याला माझा इलाज नव्हता.

माणूस मिळाला तरी टिकवायचा कसा, हा पुढचा पेच. आमच्या बहुतेक नेमणूकपत्रांवर एकच शेवटची तारीख असते, ३१ मार्च. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देता येतात, पण आमच्या वाट्याला येणाऱ्या कंपन्यांना एकेक वर्षाचाच हिशोब सोयीचा वाटतो. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्च किती करावा, याची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीनं ५० टक्क्यांवरून २० वर आणली. माझा पगार त्या वीसमध्येच बसतो. त्यामुळे "एवढ्याशा संस्थेला एचआर कशाला?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. देणगीदार दप्तरं आनंदानं देतात. दप्तरावर नाव छापता येतं, गृहमातेच्या प्रॉव्हिडंट फंडावर येत नाही.

कंपनीत किती लोक सोडून गेले, याचा आकडा मी दर तिमाहीला स्लाइडवर दाखवायचे. इथे आठ वर्षांचा एक मुलगा नव्या ताईला पहिल्याच दिवशी विचारतो, "तू किती दिवस?" त्याआधी तो तिला नावही विचारत नाही.

सोडून जाणारी माणसं बहुधा न सांगता जायला बघतात. मुलांचं रडणं बघवत नाही म्हणतात. मुलं मग आठवडाभर फाटकाशी घोटाळत राहतात. म्हणून नेमणूकपत्रात मी एक ओळ घातली : नोकरी सोडताना निरोप मुलांना स्वतः द्यावा लागेल, निदान पंधरा दिवस आधी. आमचे वकील हसले. "ही अट कुठल्याच कोर्टात टिकणार नाही." नसेल टिकत. पण नवा माणूस सही करताना तिथे थबकतो, "हे का?" असं विचारतो, आणि मुलाखतीत राहून गेलेलं बोलणं तिथे होतं. एक मुलगी त्या ओळीवर अडली, घरी जाऊन विचार करून येते म्हणाली, आणि परत आलीच नाही. मला ते बरंच वाटलं.

यंदा एका कंपनीनं दोन गृहमातांचा तीन वर्षांचा पगार पीएफसकट मान्य केला आहे. त्यासाठी वर्षभर त्यांच्या ऑफिसच्या खेपा घातल्या, आणि दप्तरं नकोत हे तीनतीनदा पटवून द्यावं लागलं. अभ्यासवर्गाच्या तायांची पत्रं मात्र अजून ३१ मार्चचीच आहेत.