किल्केनीचा कायदा आणि किल्केनीचे गाणे

परमुलखी नेमणूक झालेल्या अंमलदाराने तेथील लोकांचे गाणे ऐकू नये, त्यांच्या गवयास घरात घेऊ नये, त्यास बिदागी देऊ नये, असा कायदा कोणी करील हे आमच्या वाचकांस चटकन खरे वाटणार नाही. बदलीच्या हुकुमात रुजू होण्याची मुदत, सामानाचे भाडे आणि भत्त्याचा दर एवढेच असते. कोणाचे गाणे ऐकावे याविषयी उभ्या नोकरीत आम्ही एकही ओळ वाचलेली नाही. तथापि असा कायदा झाला होता खरा. आयर्लंडमधील किल्केनी या गावी, इ. स. १३६६ मध्ये, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र लायनेल याने भरविलेल्या सभेत तो संमत झाला.

त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. ११६९ पासून समुद्रापलीकडून आलेल्या सरदारांची वतने आयर्लंडात रुजत गेली. पहिली पिढी तलवारीच्या जोरावर राहिली. पुढच्या पिढ्यांनी तेथील घराण्यांशी सोयरिकी जुळविल्या, आणि दोनशे वर्षांत या वतनदारांची मुले आयरिश घरांत वाढू लागली, आयरिश बोलू लागली, खोगिरावाचून घोडा फेकू लागली. आपण माणसे पाठवतो ती इंग्रज, आणि परत पाहावी तर ती आयरिश, असा पेच डब्लिनच्या राज्यकर्त्यांस पडला. तेव्हा पस्तीस कलमांचा हा कायदा रचण्यात आला. आयरिश बोलणाऱ्या इंग्रजाची जमीन जप्त व्हावी. आयरिशांशी लग्न करू नये. मूल त्यांच्या घरी वाढावयास देऊ नये. दांडक्याने जमिनीवरून चेंडू मारण्याचा खेळ सोडून तिरंदाजी शिकावी. गवई, वादक आणि कथेकरी यांचे कलम तर वाचण्यासारखे आहे. हे लोक इंग्रजांच्या घरात शिरतात आणि तेथील गुपिते बाहेर नेतात, सबब त्यांस आणि त्यांना आश्रय देणाऱ्यास कैद व्हावी, आणि त्यांची वाद्ये सरकारजमा व्हावीत. गोपनीय कागद कपाटात ठेवून किल्ली खिशात बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस या भीतीचे मर्म सांगावयास नको.

इंग्रजीचा असा कैवार घेणारा हा कायदा लिहिला गेला मात्र फ्रेंच भाषेत! त्या काळी इंग्लंडच्या दरबारी कागदांची भाषा तीच होती. राजभाषेच्या प्रसाराची परिपत्रके ज्यांनी इंग्रजीतून वाचली आहेत त्यांस यात काही नवल वाटू नये.

आणि कायद्याचे पुढे काय झाले? दुसऱ्याच वर्षी, १३६७ मध्ये, आयर्लंडचा मुख्य कारभारी म्हणून डेस्मंडचा तिसरा अर्ल जेरल्ड याची नेमणूक झाली. हे गृहस्थ स्वतः आयरिश भाषेत प्रेमकविता करीत! पुढे १३८८ मध्ये त्यांनी आपला मुलगा ओब्रायन या आयरिश घराण्यात वाढविण्यासाठी राजाची रीतसर परवानगी मिळविली. म्हणजे नियमही राहिला आणि अपवादही मंजूर झाला. सहाशे वर्षांपूर्वीचे सरकारही सरकारच होते.

हे किल्केनी आम्ही अलीकडेच पाहिले. आमची कन्या नोकरीनिमित्त डब्लिन येथे असते. तिच्याकडे गेलो असता मे महिन्याच्या आरंभीची सुटी साधून ती आम्हांस आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आगगाडीने तेथे गेली. नोर नदीच्या काठी वसलेले हे गाव आहे. एका टोकास किल्ला, दुसऱ्या टोकास संत कॅनिसचे मंदिर व त्याच्या शेजारी उंच गोल मनोरा, आणि मध्ये अरुंद बोळांनी जोडलेला जुना रस्ता. किल्ला १३९१ मध्ये बटलर घराण्याने विकत घेतला आणि १९६७ मध्ये त्याच घराण्याने तो गावास पन्नास पौंडांस देऊन टाकला. इतक्या अल्प किमतीत किल्ला मिळाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही. ज्या चेंडूफळीच्या खेळास येथेच बंदी झाली, त्याच जातीच्या हर्लिंग नावाच्या खेळात किल्केनीने आजवर ३६ वेळा अखिल आयर्लंडचे अजिंक्यपद मिळविले आहे, आणि इतके दुसऱ्या कोणत्याही परगण्यास मिळालेले नाही. दुकानादुकानांवर त्यांच्या काळ्या-पिवळ्या पताका लागलेल्या असतात.

त्या दिवसांत मात्र गाव गाण्याने भरलेले होते. मे महिन्याचा पहिला सोमवार हा तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस. त्याला जोडून १९९८ पासून येथे 'रूट्स' संगीताचा उत्सव भरतो. रूट्स म्हणजे मुळे. नाट्यगृहांत तिकिटाचे कार्यक्रम होतात, पण खरी मौज गावातल्या पबांत. एका पबातून दुसऱ्यात जावे, पैसा न मोजता उभ्याने ऐकावे, आणि गर्दी झाली की रस्त्यावर यावे. मागच्या खोलीत गाणे चालू झाले, की पेला खाली ठेवण्याचाही आवाज कोणी करीत नाही. आमच्याकडील बैठकीत निम्मे श्रोते चहाची वाट पाहत असतात हे आठवून आम्हांस थोडी असूया वाटली.

परंतु ही मुळे कोणाची? मंचावर येत होते ते बहुतेक अमेरिकेचे, किंवा अमेरिकेच्या वळणाने गाणारे. टेनेसी आणि टेक्सास यांची नावे, लांब रस्ते, मालगाड्या, एकाकी माणसे. साथीला गिटार, फिडल आणि बँजो. एका आयरिश गावात, तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या सावलीत, अमेरिकेची गाणी मुळे म्हणून ऐकावयाची, हा प्रकार वरवर पाहता उलटाच वाटतो. त्याचा उलगडा गाण्याने केलेल्या प्रवासातच होतो.

अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडातून हजारो कुटुंबे अमेरिकेस गेली आणि ॲपलाचियन डोंगरांत वसली. त्यांच्याबरोबर फिडल गेले, नाचाच्या चाली गेल्या, लांब कथागीते गेली. त्या डोंगरांत व खालच्या मळ्यांत त्यांस दुसरे एक वाद्य भेटले. बँजो हे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातांनी आणि आठवणींनी घडलेले वाद्य होय. फिडल व बँजो यांचा तो संसार म्हणजेच पुढच्या अमेरिकन ग्रामीण संगीताचे घर. १८४० नंतरच्या दशकात तोंडाला काजळ फासून निग्रोंची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटमंडळ्यांबरोबर हा बँजो समुद्र ओलांडून ब्रिटन-आयर्लंडात आला, आणि आज तो आयरिश वाद्यवृंदात इतका मुरला आहे की त्यास परका म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

येथे आमचा एक आक्षेप नोंदविणे अवश्य आहे. १९२० नंतर अमेरिकेतील रेकॉर्ड-कंपन्यांनी विक्रीच्या सोयीसाठी या एका घराचे दोन हिस्से केले: काळ्यांच्या रेकॉर्डांची यादी निराळी, डोंगरातल्या गोऱ्यांची निराळी. गाणारे एकमेकांपासून शिकत होते, पण यादीत त्यांची पंगत वेगळी. तो दुकानदारांनी केलेला किल्केनीचा कायदाच म्हणावयाचा. तो पहिल्या कायद्याहून अधिक टिकला, कारण आजही मुळांच्या नावाने भरणाऱ्या उत्सवांत बँजो सर्वत्र दिसतो, पण ज्यांनी तो आणला त्यांचे वंशज मंचावर थोडेच दिसतात. त्या दोन दिवसांत आम्ही मोजून पाहिले.

परदेशी गेलेले गाणे परत कसे येते याची एक कथा मात्र आमच्या वाचकांस खास रुचेल, कारण तिचा नायक एक सरकारी अधिकारी आहे. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यात १८४८ मध्ये, दुष्काळाच्या ऐन दिवसांत जन्मला. पोरवयातच घर सोडून जहाजावर गेला, पॅसिफिक महासागरात जहाज फुटून वाचला, मिसुरी राज्यात काही काळ शाळामास्तरकी केली, आणि १८७३ मध्ये शिकागोच्या पोलिसांत शिपाई म्हणून दाखल झाला. नोकरीच्या आरंभीच एका चोराची गोळी त्याच्या पाठीत शिरली, ती जन्मभर तेथेच राहिली. पायरी-पायरीने चढत १९०१ मध्ये तो शिकागो शहराचा पोलिसप्रमुख झाला. या माणसाचे खरे वेड मात्र वेगळेच होते. आईवडिलांच्या घरी ऐकलेल्या चाली त्याच्या डोक्यात घोळत असत. कोठे कोणी आयरिश फिडल वाजवितो असे कळले की साहेब तेथे हजर. चांगला वादक दिसला तर त्यास पोलिसखात्यात चिकटवितो, अशीही त्याची ख्याती होती. नेमणुकीच्या या पद्धतीवर आमचे मत आम्ही राखून ठेवतो. त्यास स्वतःस स्वरलेखन येत नसे. तो चाल वाजवून दाखवी आणि खात्यातलाच जेम्स ओनील नावाचा दुसरा एक फिडलवादक ती कागदावर उतरवी. १९०३ मध्ये या उद्योगातून १८५० चालींचा ग्रंथ निघाला, १९०७ मध्ये १००१ नृत्यचालींचा दुसरा. हा दुसरा ग्रंथ आयर्लंडात घरोघर पोहोचला, आणि वादक त्यास नुसते 'ते पुस्तक' म्हणू लागले. गावात राहिलेल्यांनी जे विसरावयास घेतले होते ते गाव सोडून गेलेल्या पोलिसाने जपून परत पाठविले.

पण परत येणारी वस्तू तीच असते काय? स्लायगो परगण्यातील मायकेल कोलमन हा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्याच्या रेकॉर्डा आयर्लंडात आल्या आणि इतक्या मोहक ठरल्या की परोपरीच्या गावठी ढंगांनी वाजविणारे लोक कोलमनसारखे वाजवू लागले. एक ढंग घरी आला आणि अनेक ढंग घरातून गेले. तंजावरास मराठी कीर्तनाची साकी-दिंडी तमिळ हरिकथेत जाऊन बसली, तिला आज परत महाराष्ट्रात आणले तर तिचा वेश आपल्या ओळखीचा राहील असे वाटत नाही.

चालीचे हे भाग्य भाषेस लाभत नाही. किल्केनीपासून काही मैलांवर कॅलन नावाचे गाव आहे. तेथे ओली ओसुलिवान या नावाचा एक शिक्षक व कापडाचा व्यापारी होता. त्याने १८२७ ते १८३५ या काळात आयरिश भाषेत रोजनिशी लिहिली. बाजारभाव, पाऊस, पक्षी, जेवणातले पदार्थ, सारे काही तीत आहे. त्याच्या नंतर दहा वर्षांत बटाट्यावर रोग पडला. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या शिरगणतीत आयरिश बोलणारे पंधरा लक्षांच्या घरात, म्हणजे चौघांत एकाहूनही कमी उरले होते. किल्केनीच्या रेल्वे स्टेशनाला लागून त्या वेळी दरिद्राश्रम होता. २००५ मध्ये तेथे मोठी दुकानपेठ बांधू लागले तेव्हा जमिनीखाली सुमारे ९७० माणसांचे सांगाडे निघाले. त्यांतल्या कित्येकांस गाणी येत असतील. त्यांच्या चाली कोण्या शिकागोच्या साहेबाच्या कानी पडण्याचा संभव नव्हता.

आता नव्या आयर्लंडात आयरिश शाळेत शिकवितात. आमची नात ती शिकते, आणि तिच्या बाईंच्या मते बरी शिकते. रस्त्यावरच्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली इंग्रजी. ती वरची ओळ वाचीत चालली होती. 'किल्केनी' म्हणजे कॅनिसचे देऊळ, हे तिनेच आम्हांस सांगितले, तेही इंग्रजीत. मराठीत ती आम्हांस 'आजोबा' म्हणते, 'पाणी' मागते आणि 'नको' म्हणते. हिशेब करून पाहिला तर सारे मिळून चाळीसेक शब्द निघतील. पाटणा, कानपूर, शिलाँग अशा बदल्या घेत आम्ही तिच्या आईला रोज संध्याकाळी शुद्धलेखन घालीत असू.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पबाच्या मागील खोलीत आमच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. शिकागोत चाळीस वर्षे बांधकामावर काढून ते गावी परतले होते. मंचावर एक तरुण बाई बँजोवर संथ चाल वाजवीत होती. ती थांबल्यावर ते आम्हांस म्हणाले, "ही चाल माझी आजी म्हणत असे. ती केरीकडची. तिचे शब्द आयरिश होते."

"तुम्हांस ते येतात?" आम्ही विचारले.

"शाळेत आठ वर्षे मार खाऊन आयरिश शिकलो आणि शिकागोच्या एका हिवाळ्यात सगळे विसरलो. एवढा एक शब्द दर कडव्यात येई, तो काय तो राहिला." आणि ते हळूच म्हणाले, "फिन्योग."

आमची नात तोपर्यंत सरबत पीत होती. तिने मान वर केली आणि त्यांस त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग ती आमच्याकडे वळली, क्षणभर थांबली, ओठ हलवून काहीतरी शोधल्यासारखे केले, आणि म्हणाली,

"आजोबा, खिडकी."

तेवढ्यात बँजो पुन्हा सुरू झाला, आणि त्या गृहस्थांनी पेला आवाज न करता खाली ठेवला.