आलापल्लीच्या वाटेवरील फटफटी

चंद्रपुरास जटपुरा वेशीच्या आत असलेल्या आमच्या घराच्या पडवीत एक जुनी फटफटी उभी आहे. आमचे थोरले बंधू अण्णा गतवर्षी निवर्तले; तेव्हापासून हे धूड विकून टाकावे, असा घरातील तरुण मंडळींचा आग्रह चालला आहे. त्यांचे म्हणणे गैर नाही. परंतु त्याआधी तिची एक हकीकत त्यांना व वाचकांना सांगावी, असे आम्हांस वाटते.

ही गाडी बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्यातील, एम-२० जातीची. एकच सिलिंडर, तो ४९६ घनसेंटिमीटरचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या. तो कारखाना मूळचा बंदुकांचा. त्यामुळे एकमेकींस टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका हे त्याचे चिन्ह. आमच्या गाडीच्या मागील मडगार्डावर ते पुसट दिसत असे.

तिला सुरू करणे हे एक अनुष्ठानच होते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चढवावे, मुठीजवळच्या दांडीने ठिणगीची वेळ मागे घ्यावी, दुसऱ्या दांडीने झडप उघडून पिस्टन जागेवर आणावा, आणि मगच किक मारावी. उतावळ्याच्या पोटरीवर ती उलटा तडाखा देई.

१९७५ च्या माघात अण्णा व आम्ही तिच्यावरून भामरागडास निघालो. गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ साली झाला. तेव्हा तो सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांचा संगम पाहावा आणि हेमलकशास बाबा आमटे यांनी १९७३ च्या अखेरीस आरंभिलेले लोकबिरादरीचे कार्यही पाहावे, असा बेत होता. गोंडपिपरीवरून आष्टी व तेथून आलापल्ली गाठली. पुढे दुतर्फा उंच सागवान, मोहाची झाडे, बांबूची बेटे आणि मध्ये मातीची वाट. आपल्या यंत्राच्या आवाजाने अरण्य दुमदुमते आहे, याचा आम्हां दोघांस कोण अभिमान!

तो एका ओढ्यात उतरला. गोट्यांवरून चाक घसरून गाडी पाण्यात आडवी झाली, मॅग्नेटो भिजला व ठिणगी बंद पडली. अंधार पडू लागला. इतक्यात काही माडिया मंडळी आली. त्यांतील एका वृद्धाने मडगार्डावरील बंदुकांकडे बोट दाखवून काही विचारले. मराठी जाणणारा एक तरुण म्हणाला, "तुम्ही शिकारी की पोलीस, असे विचारतात." अण्णा म्हणाले, "दोन्ही नव्हे. वाट चुकलेले पाहुणे." मग सर्वांनी मिळून ती जड गाडी गावापर्यंत ढकलत नेली. गोटुलात शेकोटीपाशी जागा दिली आणि गरम पेज वाढली. सकाळपर्यंत मॅग्नेटो वाळला. अण्णांनी पैसे पुढे केले, ते कोणी घेतले नाहीत. आमच्या शिदोरीतील मिठाची पुडी तेवढी घेतली.

घरी परतल्यावर आईने पहिला प्रश्न केला, "कोणाच्या हातचे जेवलात?" आमचे घर सोवळ्याचे, आम्ही खाली पाहू लागलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "ज्यांनी गाडी ढकलली, त्यांच्या हातचे." आई काही बोलली नाही. पुढील वर्षी अण्णा पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा मात्र तिने स्वहस्ते पाच शेर मीठ बांधून दिले. "त्या माणसांना द्या," एवढेच म्हणाली.

१९८० नंतर त्या अरण्यात नक्षलवादी चळवळ शिरली आणि बंदूक ही वस्तू तेथील कित्येक घरांस फार महाग पडली. त्या वृद्धाचा प्रश्न आम्हांस तेव्हा पुष्कळदा आठवे. आज भामरागडापर्यंत डांबरी रस्ता आहे. मोटार मध्ये कोठे न थांबता जाते, आणि म्हणूनच वाटेत कोणाची भेटही होत नाही.

गाडी ठेवावी की विकावी, हे आता मुलांनीच ठरवावे. ठेवलीच, तर तिच्या पिशवीत पान्यांबरोबर मिठाची एक पुडीही असू द्यावी, एवढेच आमचे सांगणे.