अंतराळवीर, आजी आणि अंथरूण

मार्च २०२५ मधली गोष्ट. सुनीता विल्यम्स २८६ दिवस अंतराळात राहून पृथ्वीवर परतल्या, त्याच आठवड्यात मी एका आजींना तपासायला त्यांच्या घरी गेलो होतो. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. सर्जननी वॉकर घेऊन चालायला सांगितलं होतं. पण घरी आल्यापासून आजींनी पलंग सोडला नव्हता. मुलगा कौतुकाने म्हणाला, "डॉक्टर, आम्ही तिला अजिबात हलू देत नाही. सगळं जागेवर देतो."

पलंगाच्या पायथ्याशी आठ वर्षांचा नातू बसला होता. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "डॉक्टरकाका, सुनीता विल्यम्स एवढ्या स्ट्राँग आहेत, मग त्यांना यानातून उतरल्यावर स्ट्रेचरवर का ठेवलं?"

मुलांचे प्रश्न एकटे येत नाहीत. मागोमाग रांग लागली. ते तरंगतात का? शू कुठे करतात? रात्र कधी होते? शूचं उत्तर त्याला फारच आवडलं: नळीने हवेबरोबर ओढून घेतात आणि शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. आजींनी नाक मुरडलं. रात्रीचं म्हणाल तर स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला १६ वेळा सूर्य उगवतो. झोपायचं मात्र घड्याळाप्रमाणे, भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून.

तरंगण्याबद्दल तुमचाही एक गैरसमज असेल, माझाही होता. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं आपण समजतो. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ जवळजवळ ९० टक्के शिल्लक असते. पण स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, आणि वेग इतका की पडता पडता पृथ्वीला वळसाच घातला जातो. दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाचे पाय जमिनीवर टेकणार नाहीत, तसंच.

आता स्ट्रेचर. आपली हाडं ही काही भिंतीतली सळई नव्हे. शरीर ती रोज थोडी मोडतं, रोज थोडी बांधतं, आणि किती बांधायची हे त्यांच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरवतं. भारच नसेल तर शरीर म्हणतं, कशाला खर्च करा? अंतराळात खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का घटू शकते. वयस्कर माणसाची साधारण वर्षभरात होते तेवढी झीज तिथे महिन्यात! स्नायूही वाळतात. रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा सुस्तावते, त्यामुळे परतल्यावर उभं राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून स्ट्रेचर, खबरदारी म्हणून. हे सगळं कमी व्हावं म्हणून ते रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन तिथल्या ट्रेडमिलवर, पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन, पूर्ण केली होती.

"आणि काका, व्यायाम केलाच नाही तर?"

मी आजींकडे पाहिलं. "तर आजीसारखं होईल," मी म्हणालो. "आजी तीन आठवडे अंतराळातच आहे."

हे मी थट्टेने म्हटलं नव्हतं. वजनरहित अवस्थेचा अभ्यास पृथ्वीवर करायचा तर शास्त्रज्ञ धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवतात, डोक्याची बाजू किंचित खाली करून. एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला.

हे मला उशिरा कळलं. माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला होता, तेव्हा ताप उतरल्यावरही आम्ही त्यांना पंधरा दिवस उठू दिलं नाही. आई पाणी तोंडाला लावायची, आणि घरातला डॉक्टर म्हणून मीच 'आराम करा' म्हणत होतो. एका रात्री ते बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. त्यानंतर ते आधाराशिवाय कधी चालले नाहीत.

म्हणून तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर एवढं विचारा: हालचाल करायला डॉक्टरांनी खरंच मनाई केली आहे, की आपणच केली आहे? मनाई नसेल तर आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून काही मिनिटं बसवा, चक्कर येत नाही ना ते पाहा, मग कुणाचा तरी हात धरून उभं करा. जेवणात डाळ, दूध, अंडी यांतलं चालेल ते वाढवा. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर मात्र चालवत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आजी त्या दिवशी उठल्या नाहीत, "पडले तर?" एवढंच म्हणाल्या. भीती खरी होती. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. नातवाने म्हणे दहापासून उलटी मोजणी केली आणि शून्याला आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा त्या बाल्कनीत खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. नातवाने मला दारातच गाठलं.

"काका, अंतराळात शिंक आली तर माणूस मागे ढकलला जातो का?"