अम्मीचे ताट



मागच्या वर्षी मी नववीच्या वर्गाला मराठीत पंधरा ओळी लिहायला दिल्या होत्या. विषय सोपा होता, 'माझे आवडते जेवण'. असा निबंध तुम्हीही कधीतरी लिहिला असेल. वह्या तपासायला बसले, तर निम्म्याहून अधिक वह्यांत बिर्याणीच शिजत होती. एका मुलीने मात्र पहिल्या ओळीत 'खिचडी' असे लिहून ते खोडले होते आणि वर 'पिझ्झा' लिहिले होते. पुढच्या ओळी वाचून माझी खात्री झाली, की पिझ्झा तिने फक्त चित्रात पाहिला असावा. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावले. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, खिचडी लिहिली असती तर सगळे हसले असते."

मी तिला रागावले नाही. मला तो अधिकारच नव्हता. का नव्हता, ते आज तुम्हांला सांगते.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हॉटेलचे जेवण वाईट आणि घरचे चांगले, असा उपदेश मी करणार नाही. मला हॉटेलात जेवायला आवडते. कोणी बोलावले तर मी आजही पहिली तयार होईन.

मी नऊ वर्षांची असताना, 1999 साली, आम्ही हैदराबादला खालाच्या घरी लग्नाला गेलो होतो. आमच्या मुखेडहून देगलूरमार्गे हैदराबादला जाणे आपल्याकडच्या लोकांना नवे नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण नातीगोती आणि जिभेच्या सवयी जिथल्या तिथेच राहिल्या. तर, लग्नाच्या आदल्या दिवशी अब्बांनी मला आणि भावाला चारमिनार दाखवायला नेले. 1591 साली बांधलेली ती इमारत मी किती पाहिली, कोण जाणे! माझे सारे लक्ष समोरच्या हॉटेलातून येणाऱ्या वासाकडे होते.

आत संगमरवरी टेबले होती. अब्बांनी दोन बिर्याण्या मागवल्या. भात पांढरा, मध्येच केशरी, आणि प्रत्येक शीत वेगळे. भाताखाली मटणाचा तुकडा असा लपला होता, की तो सापडला तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. हैदराबादच्या कच्च्या बिर्याणीत मटण आधी शिजवत नाहीत, हे मला पुढे कळले. दही आणि मसाला लावून मुरवलेले कच्चे मटण तळाशी ठेवतात, त्यावर अर्धवट शिजलेला भात पसरतात आणि झाकणाची कड मळलेल्या कणकेने लिंपून टाकतात. खाली मंद आच, झाकणावर निखारे. वाफ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून मटण आणि भात एकमेकांच्या वाफेत शिजतात. यालाच दम देणे म्हणतात. आच जरा चुकली तर भाताचा गाळ होतो किंवा मटण कच्चे राहते. झाकण उघडून पाहायची सोय नसते. बावर्ची वासावरून ओळखतो.

त्यानंतर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट. थोडे गोड, थोडे खारट. हे बिस्कीट चहात किती वेळ बुडवायचे याचेही एक गणित आहे. ते मला आजवर जमलेले नाही.

अम्मी त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हती. लग्नघरी कांदे चिरायला माणसे कमी होती, म्हणून ती मागे थांबली होती. मला त्यात काहीच वेगळे वाटले नाही.

पुढे मी बी.एड. करायला औरंगाबादला गेले. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे मी नान-खलिया खाल्ला. तंदूरमध्ये भाजलेली मऊ नान आणि वर तेलाचा लाल तवंग असलेला मटणाचा रस्सा. 1327 साली मुहंमद तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानी आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हे जेवण दख्खनमध्ये आले, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. असेलही. पण तुघलकाच्या शिपायांचा खलिया असा लालभडक तिखट नक्कीच नव्हता. कारण मिरची तेव्हा भारतात नव्हतीच! ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. बटाटा आणि टोमॅटोही त्याच खंडातले. 'बटाटा' हा मराठी शब्दच मुळी पोर्तुगीज आहे. इतिहासाच्या तासाला राजांची नावे पाठ करताना ही मिरची तोंडी लावायला घेत जा.

औरंगाबादलाच माझ्या हातून ती गोष्ट घडली, जिच्यामुळे मला त्या मुलीला रागावता आले नाही.

एकदा गावाकडचा माणूस शहरात येत होता. अम्मीने त्याच्याबरोबर फडक्यात बांधून चार ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि डब्यात अंबाड्याची भाजी पाठवली. मी वसतिगृहाच्या दारात ते गाठोडे घेतले आणि कोणी पाहण्याआधी खाटेखाली सरकवले. त्या दिवशी मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जायचे ठरले होते. भाकरीचे गाठोडे पाहून त्या काय म्हणतील, अशी मला लाज वाटली. तीन दिवसांनी खोलीत वास सुटला. माझ्या खोलीत परभणीकडची एक मुलगी राहत होती. तिने वाकून गाठोडे बाहेर काढले. भाकऱ्यांवर हिरवी बुरशी आली होती. भाजी आंबली होती. चटणी तेवढी चांगली होती. तिने बोटावर चटणी घेऊन चाखली आणि म्हणाली, "अगं, हे तू मला का नाही सांगितलंस? तीन महिने झाले, मी भाकरीचं तोंड पाहिलेलं नाही." मी काहीच बोलले नाही. अम्मीला मात्र फोनवर सांगितले, की भाकऱ्या फार छान झाल्या होत्या.

भाकरी करणे सोपे नसते, मुलांनो. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत तो नसतो. त्यामुळे पीठ गरम पाण्याने मळावे लागते, म्हणजे ते एकमेकांना धरून राहते. मग परातीत पिठावर गोळा ठेवून तळहाताने थापायचा. तो गोल फिरत फिरत पातळ होतो. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यांना टेकवून फुगवायची. पीठ जुने असेल तर कडा चिरतात. अम्मीच्या हातची भाकरी चंद्रासारखी गोल असायची. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि मोठमोठ्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी मानाने वाढली जाऊ लागली. ते वाचून मला माझी खाट आठवली.

आणि आपली खिचडी! तांदूळ, मसुरीची डाळ, हळद, तळलेला कांदा. सोबत खट्टा. चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळांचा आणि शेंगदाण्यांचा कूट, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जिरे. घरी पैसे असले तर खिमा, नसले तर पापड. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. चिंच चांगली नसेल तर खट्टा नुसता आंबट होतो, त्याला चव येत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते.

2013 साली मला नोकरी लागली. पहिले मानधन हातात आले, तेव्हा मी ठरवले, की सगळ्यांना नांदेडला हॉटेलात जेवायला न्यायचे. अब्बा, अम्मी, भाऊ, धाकटी बहीण आणि मी. सकाळची एस.टी. पकडली. अम्मी फजरच्या नमाजाला उठली होती. सगळ्यांचे आवरून देता देता तिने फक्त चहा घेतला होता, हे मी पाहिले होते. तोवर अम्मी कधीच हॉटेलात जेवली नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तीसुद्धा बसमध्ये, तिकिटे काढताना.

आम्ही कुटुंबासाठी असलेल्या खोलीत बसलो. बिर्याणी मागवली. अम्मी कडेला बसली होती, म्हणून वेटरने पहिली प्लेट तिच्यासमोर ठेवली. तिने ती लगेच अब्बांकडे सरकवली. दुसरी आली, ती भावाकडे. तिसरी बहिणीकडे, चौथी माझ्याकडे. पाचवी आली, तेव्हा तिने त्यातला मटणाचा तुकडा उचलून भावाच्या प्लेटमध्ये टाकला. मी म्हटले, "अम्मी, तू खा ना."

ती म्हणाली, "नक्को बेटा, मेरेकु भूक नै."

तुमच्याही घरी हा 'नक्को' असेल. तो आपल्या दखनीत मराठीच्या 'नको'पासून आला आहे. भाषा शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देते. पण अम्मीच्या तोंडून हजार वेळा ऐकलेल्या त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. सकाळपासून ती उपाशी होती. तिला भूक नव्हती हे शक्यच नव्हते.

तेवढ्यात वेटर पाणी घेऊन आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस. अम्मीने त्याला मराठीत विचारले, "भाऊ, तुम्ही जेवलात का?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, आमचं जेवण चार वाजता. गिऱ्हाईक सगळं निघून गेल्यावर."

"मग तुम्ही माझ्यासारखेच," अम्मी म्हणाली.

हे तिने सहज म्हटले. तक्रार नव्हती. पण टेबलावर एकदम शांतता झाली. अब्बांचा घास हातातच राहिला. वेटरनेच ती शांतता मोडली. तो आत गेला, एका बशीत मटणाचा तुकडा आणि थोडा गरम भात घेऊन आला, आणि अम्मीच्या प्लेटमध्ये वाढत म्हणाला, "मावशी, इथं वाढायचं काम माझं. तुम्ही फक्त जेवा."

अम्मी जेवली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. बाहेर आल्यावर म्हणाली, "भात चांगला होता, लवंगा जरा जास्त झाल्या."

दुसऱ्या दिवशी घरी मी मुद्दाम लक्ष ठेवले. सगळ्यांचे झाल्यावर ती चुलीजवळ बसली. पातेल्याच्या तळाची खरवड, म्हणजे आपली खुरचन, अर्धी भाकरी आणि वाटीत उरलेला खट्टा. ताट घेतलेच नव्हते, झाकणातच वाढून घेतले होते. मी विचारले, "अम्मी, तुला काय आवडतं?" तिला प्रश्नच समजेना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लहानपणी माझी आई ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून द्यायची. ते आवडायचं." तेवीस वर्षे मी तिच्या हातचे जेवत होते आणि मला हे ठाऊक नव्हते.

आम्ही ठरवले, की अम्मी बसल्याशिवाय दस्तरख्वानावर कोणी हात लावायचा नाही. ठरवणे सोपे होते. अडचण अशी, की भाकरी गरम हवी, आणि गरम भाकरीसाठी कोणीतरी चुलीपाशी असायलाच हवे. पहिला आठवडा सगळ्यांनी थंड भाकरी खाल्ली. अब्बा कुरकुरले. अम्मी स्वतःच उठून पळायची. शेवटी पाळ्या लावल्या. भावाच्या पहिल्या भाकरीला चार कोपरे होते. आता त्याला बरी जमते, पण तो ते मित्रांना सांगत नाही.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. दोन दिवसांनी तिने वही आणली. खिचडीवर दीड पान लिहिले होते, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी तिला आठ गुण दिले. खाली लाल शाईने एक प्रश्न लिहिला, 'ही खिचडी करणारी केव्हा जेवते?' उत्तर तिने अजून लिहिलेले नाही, पण त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलायला येते.

गेल्या शुक्रवारी खिचडी मी केली. अम्मीचे ताट पहिले वाढले. तिने एक घास घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "खट्ट्यात मीठ कमी आहे." मग मीठ मागून घेतले, आणि खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतली.